चेहरा पाहिल्याची साक्ष

शप्पीरा : पुन्हा सांगा. भावोजी, जमिनीकडे नको, माझ्याकडे बघून सांगा.

नहूम : मी तुमच्या नवऱ्याचा, यानायचा, चेहरा पाहिला नव्हता.

शप्पीरा : गुरुजींपुढे साक्ष देताना तर पाहिला म्हणालात. मी दारातच उभी होते.

नहूम : म्हणालो. त्यांनी विचारलं, नाकासकट चेहरा ओळखलास का? मी हो म्हणून मोकळा झालो. वहिनी, चेहरा उरलाच नव्हता. माशांनी... जाऊ दे.

शप्पीरा : जाऊ दे कशाला? आलाच आहात तर सगळं ओका.

नहूम : पलीकडच्या काठाला लव्हाळ्यात सापडला. नावेतले तिघंही बेपत्ता, हाती लागलं ते एवढं एकच प्रेत. त्यातला हा कोण, ते मी अंगरख्यावरून ठरवलं. निळ्या पट्ट्याचा, तुम्ही विणलेला. तिथंच खड्डा केला आणि पुरलं.

शप्पीरा : अंगरख्यावरून. आणि गुरुजी कपडा धरत नाहीत.

नहूम : कपडा आज याच्या अंगावर, उद्या त्याच्या, म्हणतात. अंगावरची खूणही धरत नाहीत. चेहरा म्हणजे चेहरा. नाहीतर बाई जन्मभर अडकली, ना नवऱ्याची ना मोकळी. तुम्ही दारात उभ्या होतात, तोंडचं पाणी पळालेलं. मला वाटलं, यानायच आहे तो, एका शब्दापायी हिनं कशाला कुजायचं?

शप्पीरा : मग आज डोक्यात कुठला किडा वळवळला? परवा गुरुवारी माझं लग्न आहे. अझऱ्याच्या घरी बायका पीठ मळायला बसल्यात.

नहूम : काल धक्क्यावर पापोसची आई भेटली, त्याच नावेतल्या पापोसची. म्हणाली, यानाय देवमाणूस होता. पापोसच्या अंगात ताप होता, तर नाव सुटताना यानायनं आपला अंगरखा काढून त्याला घातला.

(शप्पीरा हातातलं पिठाचं भांडं खाली ठेवते.)

शप्पीरा : तुम्ही कशावरून ओळखलंत, ते तिला ठाऊक आहे?

नहूम : नाही. ती अजून लेकाची वाट बघते. वहिनी, मी कदाचित तिचा लेक पुरला आणि विधवा तुम्हाला केलं. उद्या यानाय दारात येऊन उभा राहिला तर? दोन्ही नवरे जातील तुमचे. अझऱ्यापासून मूल झालं, तर त्याला कुणी मुलगी देणार नाही. दहा पिढ्या.

शप्पीरा : कायदा मला शिकवू नका. आठ महिने उशाशी घेऊन झोपलेय मी तो.

नहूम : गुरुजींकडेच निघालोय. म्हटलं, आधी तुमची माफी मागावी. पुढच्या आठवड्यात पापक्षमेचा मोठा उपास. तुम्ही माफ केल्याशिवाय देवसुद्धा करायचा नाही.

शप्पीरा : म्हणजे तुमचं ओझं माझ्या डोक्यावर, आणि तुम्ही उपासाला हलके. छान.

नहूम : बोला. दोन शब्द जास्तच बोला. माझी लायकीच ती.

शप्पीरा : बसा. पुरताना त्याचे हात पाहिलेत?

नहूम : हात?

शप्पीरा : मी काही सुचवणार नाही. गुरुजींनी उत्तर तुमच्या तोंडात घातलं, तसं मी घालणार नाही. आठवेल तेवढं सांगा, नाही आठवलं तर नाही म्हणा. आज मला तुमची दया नको.

नहूम : हात... छातीवर ठेवले मी. डावा सरळ होईना. नाही, हात झाला; बोट होईना. करंगळी. आत वळलेली, आणि तिला नख नव्हतं. मला वाटलं पाण्यानं गेलं. पण बाकीची नखं जागेवर होती.

शप्पीरा : दार मी आपटलं होतं.

नहूम : कुठलं दार?

शप्पीरा : लग्नाचं पहिलंच वर्ष. भांडण कशावरून, तेही आता आठवत नाही. रागानं दार आपटलं, त्याची करंगळी सापडली. नख पुन्हा आलंच नाही. चारचौघांत तो मूठ मिटून बसायचा. बायकोनं बोट मोडलं म्हणून लोक हसतील, म्हणायचा.

नहूम : म्हणजे तो यानायच.

शप्पीरा : यानायच. पापोसनं वाटेत अंगरखा परत दिला असेल.

नहूम : मग प्रश्नच मिटला. गुरुजींना करंगळीचं सांगू या.

शप्पीरा : खूण ते धरत नाहीत, आत्ता तुम्हीच म्हणालात. तुम्ही तिथं खरं बोललात, की माझं लग्न मोडलं आणि मी कायमची अडकले.

नहूम : म्हणजे गोष्ट खरी, पण माझी साक्ष खोटी ती खोटीच.

शप्पीरा : हो.

नहूम : मग हे मी उतरवू कुठं?

शप्पीरा : उतरवू नका. मी माफ केलं, ते माझ्यापुरतं. देवाचं तुमचं तुम्ही बघा. पण गुरुजींपुढे तोंड उघडू नका. पदर पसरते तुमच्यापुढे.

नहूम : जन्मभर?

शप्पीरा : मी त्या दाराचं ओझं सात वर्षं वागवतेय. सवय होते, हलकं होत नाही. गुरुवारी जेवायला या.

नहूम : घास उतरायचा नाही, वहिनी.

शप्पीरा : नाही उतरला तरी पंगतीत बसा. तुम्ही दिसला नाहीत, तर लोक विचारतील साक्षीदार कुठाय म्हणून.