पंचेचाळीस दिवसांचा भागाकार

...आणि वर मलाच म्हणतात, ‘श्रिया, भागून बघ, काही उरत नाही.’ आता तुम्हीच सांगा, नवरा मालवाहू बोटीवर, मी इथं शिळफाट्याला, घरात बोलायला कोण, तर सासरे, आणि सासरे कोण, तर सदतीस वर्षं गणित शिकवलेले हरी मास्तर. अजेय निघाला तेव्हा म्हटलं, ‘बाबा, एकशे ऐंशी दिवस हो.’ पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, ‘म्हणजे अर्धं वर्ष. म्हणजे साठ वर्षांच्या संसाराचा एकशेविसावा भाग. भागून बघ, काही उरत नाही.’

तुम्हाला सांगते, त्याचा फोन आठवड्यातून दोनदा, त्यातला अर्धा ‘ऐकू येतंय का’मध्ये जातो, उरलेला ऐकायला मी गच्चीवर टाकीला चिकटून उभी, कारण रेंज तिथंच येते. लोधिवलीहून भाजी घेऊन येणारी भागूबाई म्हणते, ‘दिस काय बसून ऱ्हातात गं? जातील.’ जातात हो, पण माझ्या अंगावरून जातात.

आणि बाबांची स्वतःची वेळ आली की? तेव्हा गुणाकार. चहाला दहा मिनिटं उशीर, की ‘सहाशे सेकंद झाले, श्रिया.’ कर्जतची बस उशिरा आली, की ‘नऊशे सेकंद उन्हात उभं केलं मेल्यांनी.’ दुसऱ्याचं थांबणं भागायचं, आपलं गुणायचं, हे कुठल्या इयत्तेत शिकवतात?

परवा, नऊच दिवस उरलेले, मी त्याची उशीसुद्धा उन्हात टाकलेली... आणि फोन आला. बदली माणूस मिळत नाही, मुक्काम पंचेचाळीस दिवसांनी वाढला. खाली आले, बाबांना सांगितलं. ‘पंचेचाळीस? वर्षाचा आठवा भाग. भागून बघ, काही...’

डोकंच फिरलं माझं. म्हटलं, ‘आई जाऊन किती झालं, तेही सांगा की भागून.’

बोलून गेले. मग जीभ चावून काय उपयोग?

बाबांनी पेपर खाली ठेवला. बोटं नाहीत, कॅलेंडर नाही, लगेच म्हणाले, ‘तेराशे बारा दिवस.’

‘म्हणजे... वर्षं किती?’

‘भागलं नाही.’

मी मनातल्या मनात भागलं. तीन वर्षं, आणि दोनशे सतरा दिवस उरतात. उरतात हो, चांगले उरतात. त्यांनी पेपर उचलला नाही, चहा चाळीस मिनिटं उशिरा झाला आणि सेकंद कुणीच मोजले नाहीत.

आज सकाळी कपबशी पुढे ओढत विचारतात, ‘आज किती?’ म्हटलं, ‘तुमचे तेराशे चौदा, माझे बावन्न.’ त्यांचे वाढत जाणार, माझे कमी होत जाणार... तोवर काय, चहा तेवढा वेळेवर टाकायचा. नाहीतर आहेतच सहाशे सेकंद.