अकरा सांधे

(वसई पूर्वेला, गाड्यांचे शाफ्ट तापवून कडक करून देणारा एक छोटा कारखाना. २००९ मधला एक रविवार, सकाळ. ॲन्सेल्म : तीस वर्षं तांब्याच्या नळ्यांपासून कॉइल घडवणारे कारागीर; शाफ्टभोवती बसवलेल्या कॉइलमधल्या करंटने शाफ्ट तापतो, आणि नळीतून फिरणारं पाणी कॉइलला गार ठेवतं. स्वप्ना : इथली इंजिनिअर. सॅन्टन : मशीनवरचा ऑपरेटर.)

ॲन्सेल्म : ...आणि हिला सांधा कुठेच नाही?

स्वप्ना : एकही नाही. फिरवून बघा ना, काका.

ॲन्सेल्म : फिरवतोच आहे. बोट कुठे अडत नाही. माझ्या कॉइलला अकरा सांधे लागतात, बाय. अकरा ठिकाणी चांदी वितळवून जोडायचं, ब्रेझिंग करायचं. आणि ही बघ, आईच्या पोटातून यावी तशी अख्खी.

स्वप्ना : तांब्याची भुकटी असते, मैद्यासारखी. तिचा पातळ थर पसरायचा. मशीनमधला किरण हवी तेवढीच वितळवतो. मग त्यावर दुसरा थर. असे हजारेक थर. सुमेध म्हणाला, दीड दिवस लागला.

ॲन्सेल्म : सुमेध म्हणजे तुझ्या कॉलेजातला, जर्मनीला गेलेला?

स्वप्ना : तोच. त्यांच्या लॅबमध्ये तांब्यावर प्रयोग चाललेत. मशीनमध्ये कोपऱ्यात थोडी जागा उरली होती, तिथे आपली कॉइल बसवली त्याने. पुन्हा जागा मिळेल की नाही, देव जाणे.

सॅन्टन : मॅडम, पानी चालू करू काय? सायेब दुपारपर्यंतच मशीन देनार बोलले. उद्यापासून ऑर्डरचा माल लागतो.

स्वप्ना : कर. आधी पाणी, मग करंट.

ॲन्सेल्म : जरा थांब रे. यात पाणी फिरतं कसं?

स्वप्ना : दोन वाटा आहेत. इथून आत शिरतं. अर्धं वरच्या वेढ्यातून जातं, अर्धं खालच्या. तिकडे एकत्र होऊन बाहेर.

ॲन्सेल्म : सॅन्टन, तुझ्या थर्मासात गरम पाणी आहे ना?

सॅन्टन : आता चाय पिता काय, काका?

ॲन्सेल्म : दे तर इकडे. स्वप्ना, मी दोन्ही वेढ्यांवर एकेक तळवा ठेवतो. तू आत ओत. हळू.

स्वप्ना : ओततेय... काही कळतंय?

ॲन्सेल्म : वरचा हात पोळला. खालचा गार आहे.

स्वप्ना : ऊब पोचायला थोडा वेळ लागत असेल.

ॲन्सेल्म : तांब्याला वेळ लागत नाही. खाली पाणी जातच नाहीये, बाय.

स्वप्ना : पण लॅबने तपासून पाठवलीय. हवा आरपार जाते, असं लिहून दिलंय.

ॲन्सेल्म : वरून जातच असेल की. मला सांग, जी भुकटी वितळत नाही, ती कुठून बाहेर येते?

स्वप्ना : या भोकातूनच... अरे देवा. ती आतच राहिलीय.

सॅन्टन : पन मीटरवर पानी दिसलंच असतं ना?

स्वप्ना : दिसलं असतं, एका वाटेचं. आणि मी करंट दिला असता. खालचा वेढा काही सेकंदांत वितळला असता. काका, वर्षभर मागे लागून ही एक कॉइल मिळाली, आणि मी बटण दाबणारच होते!

ॲन्सेल्म : दाबलं नाहीस ना? मग डोळे पूस. वळणातून जाईल अशी लवचिक तार पाहिजे.

सॅन्टन : सायकलच्या ब्रेकची चालंल काय?

ॲन्सेल्म : सोन्यासारखी चालेल. आण काढून.

सॅन्टन : म्हंजे घरी पाय घासत जायाचं! आनतो.

ॲन्सेल्म : तोवर तू हिला उलटी धर. लाकडी हातोडी घे आणि टकटक कर. जोराने नाही. झोपलेल्याला उठवतो ना, तसं.

स्वप्ना : काही पडत नाहीये.

ॲन्सेल्म : पडेल. करत राहा.

सॅन्टन : ही घ्या तार.

ॲन्सेल्म : तूच घाल, स्वप्ना. अडली?

स्वप्ना : अडली. चार बोटं आत जाऊन.

ॲन्सेल्म : ढकलू नकोस. चिमटीत धरून फिरव. आता जरा मागे घे. पुन्हा फिरव.

स्वप्ना : काका! लालसर काहीतरी सांडतंय!

सॅन्टन : माज्या बुटावर सांडतंय. ढेकळंच निघाली की!

ॲन्सेल्म : आता हवेचा पाइप लाव. तोंड बाजूला कर... झालं? आण ते उरलेलं गरम पाणी.

स्वप्ना : ओतू?

ॲन्सेल्म : ओत... दोन्ही हात पोळले. एकदमच पोळले!

स्वप्ना : सॅन्टन, बसव मशीनवर. पाणी?

सॅन्टन : पानी चालू.

स्वप्ना : करंट देते. शाफ्ट तापला... लाल झाला, चहूकडून सारखा. आता पाणी मार त्याच्यावर!

सॅन्टन : मारलं. थांबा, कडक झाला काय ते कानस लावून बगतो. काका, कानस लागतच नाय, काचेवरून घसरावी तशी घसरते. शाफ्ट जिथं जाड होतो, त्या कॉलरच्या कोपऱ्यात पन!

ॲन्सेल्म : कोपऱ्यातसुद्धा? तिथे माझा सांधा येतो, म्हणून आजवर नेहमी मऊ राहायचं.

स्वप्ना : आणखी दहा शाफ्ट घेऊ. कॉइल टिकली पाहिजे.

सॅन्टन : हा घ्या दहावा. कुठून एक थेंब गळत नाय.

ॲन्सेल्म : सॅन्टन, इकडे ये. हात दाखव.

सॅन्टन : कशाला, काका? बरा झाला तो कधीच.

ॲन्सेल्म : गेल्या नाताळाआधी कॉइलचा सांधा सुटून तुझ्यावर वाफ उडाली, तो सांधा माझा होता. तुला तोंडाने कधी बोललो नाही. आज बोलतो. माझं चुकलं.

सॅन्टन : दवाखान्यात माज्या उशाशी रोज कोन बसायचं? माजी बायको आग्नेस सांगते, चर्चमदी मिस्साला तुमी अजून माजं नाव घेता. आनखी काय पायजे मला? चला, सायबांना फोन करून येतो. खूश होतील.

स्वप्ना : काका, बसा जरा.

ॲन्सेल्म : बसतो. मोठं काम केलंस तू. मशीनने केलं म्हणतात, पण मशीनपर्यंत नेलं कोणी?

स्वप्ना : आकार तुमचा आहे. पुस्तकातल्या हिशोबाने मी आधी वेगळा काढला होता, त्यात कॉलर तापतच नव्हती. मग तुमच्या कॉइलचं माप घेतलं. तुम्ही तिथे नळी ठोकून चपटी करता ना, ती जशीच्या तशी काढून पाठवली.

ॲन्सेल्म : विचारलं नाहीस ते!

स्वप्ना : आज सांगणार होते. मी इथे आले तेव्हा मुलगी म्हणून कोणी हातात ब्रेझिंगची टॉर्च देत नव्हतं. तुम्ही दिलीत. ते मी विसरणार नाही, काका.

ॲन्सेल्म : मग मीही एक सांगतो. संध्याकाळी मी घरी गेलो की तू माझे सांधे तपासतेस. कच्चा निघाला तर पुन्हा करतेस.

स्वप्ना : ...तुम्हाला कोणी सांगितलं?

ॲन्सेल्म : बोटांनी. तू डावरी आहेस. तुझा सांधा उलट्या बाजूने सुरू होतो.

स्वप्ना : राग आला असेल.

ॲन्सेल्म : पहिल्या दिवशी आला. मग बायकोला, उर्सुलाला म्हटलं, आज मला झोप लागेल. मोतिबिंदू आहे, बाय, दोन्ही डोळ्यांत. ब्रेझिंगचा रंग दिसेनासा झालाय. बोललो तर घरी बसवतील म्हणून गप्प राहिलो. वर्षभर तू सांभाळलंस, कोणाला कळू न देता.

स्वप्ना : साहेबांशी मी बोलते. बाकीच्या कॉइल आहेतच, त्या कोण करणार? ऑपरेशन करून घ्या. मी येईन सोबत.

ॲन्सेल्म : उर्सुला असेल तेव्हा. तू पट्टी काढल्यावर ये.

स्वप्ना : तेव्हा कशाला?

ॲन्सेल्म : येताना तू सांधलेली एखादी कॉइल आण. वर्षभर तुझे सांधे नुसते चाचपले, एकदा बघायचे आहेत.