बोरूची मागची बाजू

बतूल : शामाला चष्मा लागला नाही? मग डॉक्टरांनी डोळे नीट तपासले नसतील.

सी अल्लाल : दोनदा तपासले. दुसऱ्यांदा तर तिनंच हट्टानं तपासून घेतले, ती खुर्ची गोल फिरते म्हणून! भिंतीवरचं सगळ्यात बारीक चित्रसुद्धा तिनं घडाघडा सांगितलं. चष्मा लागलाय खरा, पण...

बतूल : पण काय?

सी अल्लाल : मला. "आजोबा, आलाच आहात तर बसा," म्हणाले. तयार मिळाला, पिशवीत पडलाय. घालणार नाहीये मी.

बतूल : बघू, किती दिवस पिशवीत राहतो ते.

सी अल्लाल : ते सोड. तुझ्या एका चिठ्ठीपायी या वयात मी सफ्रूहून फेस शहरापर्यंत बसमध्ये उभा गेलो, बतूल. शिकवता येईना, पोरीचे डोळे वाकडे!

बतूल : फकीह, तुम्ही माझे गुरुजी, तुम्ही उभे गेलात याचं वाईट वाटतं. पण मी करू काय? बालवाडीतली बाकीची सगळी मुलं कागद दिला की लिहायला लागतात. तुमची नात तो खिडकीपाशी नेते. तिरका धरते, उजेडात फिरवते, वर बोटानं चाचपते. आणि दहा मिनिटांनी कोरा आणून देते. कुणालाही वाटेल, दिसत नाही पोरीला.

सी अल्लाल : तुझा कागदच आवडत नसेल तिला. दिवसभर चिकणमातीचे साप वळायचे, मणी ओवायचे, वाटाणे सोलायचे. परवा घरी येऊन म्हणते, "आज आम्ही किलोभर वाटाणे सोलले." तुझ्या घरचा रात्रीचा स्वयंपाक आमची मुलं करून देतात, कळलं ना सगळ्या गल्लीला!

बतूल : बोटांत जोर आल्याशिवाय पेन्सिल धरता येत नाही. आणि कोण बोलतंय बघा! तुमच्या पाटीच्या शाळेत पहिला महिनाभर आम्ही काय करत होतो? लाकडी पाट्या धुवायच्या, त्यांना पांढरी माती सारवायची, उन्हात वाळवायच्या. तुमचं अंगणही झाडून घ्यायचात.

सी अल्लाल : त्यानंच तर हात तयार झाला तुझा. तरी तुझ्या पाटीवर अक्षरं कमी आणि बोटांचे ठसे जास्त असायचे.

बतूल : अजून लक्षात आहे?

सी अल्लाल : पोलीस घेतात तसे ठसे होते ते. विसरेन कसा?

बतूल : हसा. पण सोमवारी मोठ्या शाळेच्या बाई येणार आहेत, ते विसरू नका. कोऱ्या कागदावर ज्याला स्वतःचं नाव लिहिता येईल, तो पहिलीत. नाहीतर आणखी एक वर्ष माझ्याकडे वाटाणे सोलत. शामाला सहा पूर्ण झाली, फकीह. तिची आई तिकडे तांजेरला एकटी शिवणकाम करते, खोली घेतलीय, पोरीसाठी पलंगसुद्धा घेतलाय. सप्टेंबरात तिला पहिलीत घालायचं म्हणून वाट बघतेय.

सी अल्लाल : मला माहीत आहे.

बतूल : माहीत आहे तर तोंड का फिरवलंत?

सी अल्लाल : कुणी फिरवलंय? बोलव तिला. तूच विचार. झोक्यावर बसलीय बघ.

बतूल : शामा! ये गं जरा. हा कागद घे. यात तू रोज काय शोधतेस?

शामा : अक्षरं.

बतूल : कागद तर कोरा आहे.

शामा : तेच तर! तुमच्या कागदात अक्षरं नसतातच, बाई. मी रोज बघते. एकदा तरी असतील असं वाटतं.

बतूल : मग कशात असतात?

शामा : आमच्या पाटीत. आधी दिसत नाहीत. तिरकी धरली की उजेडात दिसतात, मग त्यावरनं शाई फिरवायची. पण ते गुपित आहे. हा माझा बा सीदी म्हणाला, बाईंना सांगू नकोस, हसतील.

बतूल : फकीह.

सी अल्लाल : हं.

बतूल : इकडे बघा. त्या खिडकीकडे नको, माझ्याकडे. बोरूच्या मागच्या बाजूनं मातीवर खरवडून देता तिला? आम्हाला द्यायचात तसं?

सी अल्लाल : चांगली रीत आहे ती. माझ्या गुरूंनी मला तसंच शिकवलं. तूही तशीच शिकलीस.

बतूल : शिकले ना. तीन महिने दिलंत खरवडून. आणि चौथ्या महिन्यात एका सकाळी पाटी हातात दिलीत ती कोरी. मी तिरकी केली, उजेडात नेली, रडले, तुमच्या पाया पडले. तुम्ही हात पाठीमागे बांधून उभे राहिलात. "आता तुझं तू," म्हणालात. किती राग आला होता मला तुमचा!

सी अल्लाल : संध्याकाळपर्यंत लिहिलंस की.

बतूल : लिहिलं. आता सांगा, हिला किती दिवस खरवडून देताय?

शामा : मी सांगू? दोन रमजान झाले.

बतूल : दोन वर्षं! अर्ध्या गावाला लिहितं केलंत आणि घरात मात्र दिव्याखाली अंधार? आणि मी त्या बिचारीला डोळ्यांच्या डॉक्टरकडे पाठवते!

सी अल्लाल : रोज वाटायचं, उद्या कोरी देऊ. मग ती संध्याकाळी मांडीला मांडी लावून बसायची, "बा सीदी, खरवड" म्हणायची. मी खरवडायचो. हट्टी आहे ती.

बतूल : ती हट्टी आहे?

सी अल्लाल : ...नाही. मीच. तिचं नाव लिहून झालं की ती तांजेरला जाणार, बतूल. घरात मी, एक मांजर आणि ती पाटी. दोनशे पोरांच्या पाट्यांवरून माझा हात मी वेळेवर काढला. हिच्या पाटीवरून निघेना.

बतूल : बसा, फकीह. चहा घ्या आधी. तुम्हाला टोचून बोलले, माफ करा.

सी अल्लाल : टोचलंस ते बरोबर टोचलंस. माझीच विद्यार्थिनी आहेस.

शामा : बा सीदी, तू रडतोयस का?

सी अल्लाल : पुदिना तिखट आहे चहातला.

शामा : पुदिना तिखट नसतो.

सी अल्लाल : बाईंनी केलाय, त्यांचं काही सांगता येत नाही. पिशवीतली पाटी काढ बघू.

बतूल : पाटी डॉक्टरकडेही नेली होतीत?

सी अल्लाल : तिथे दोन तास बसवून ठेवतात. दौत त्यांच्या पांढऱ्या फरशीवर सांडली नाही, हे नशीब. शामा, काल सारवलेली आहे ना? वाळली?

शामा : वाळली. दोन्हीकडनं. हा घे बोरू. खरवड.

सी अल्लाल : नको. धर तूच.

शामा : पण यात काहीच नाहीये!

सी अल्लाल : नाहीये.

शामा : तुला दिसत नसेल. चष्मा लागलाय ना तुला.

सी अल्लाल : मलाही दिसत नाही आणि तुलाही नाही, कारण मी काही लिहिलेलंच नाही. पाटी नको, डोकं तिरकं कर. तुझं नाव दोन वर्षं गिरवलंस, ते आत कुठेतरी असेल. आठव, आणि आता तुझं तू.

शामा : चुकलं तर?

सी अल्लाल : माती आहे, राणी. धुऊन टाकू. उद्या परत.

(शामा बोरू शाईत बुडवते आणि पाटीवर वाकून लिहू लागते.)

सी अल्लाल : अगं, अरबीतल्या त्या पहिल्या अक्षराला, शीनला, करवतीसारखे दात तीनच असतात, तू चौथा...

बतूल : हात मागे, फकीह. पाठीमागे बांधा. हां, असे.

सी अल्लाल : मोठी बाई झालीस तू.

शामा : झालं! बाई, हे बघा. शेवटच्या टिंबांतलं एक सांडलं थोडं.

बतूल : "शामा." स्पष्ट वाचता येतंय. दात एक जास्त आहे, तो दुधाचा असेल, पडेल आपोआप. सोमवारी असंच लिहायचं, कागदावर.

शामा : बा सीदी, तूपण बघ. वाईट आलंय?

सी अल्लाल : माझ्या आयुष्यात इतकं वाकडं आणि इतकं चांगलं नाव कुणी लिहिलेलं नाही.

शामा : मग मी आता आईकडे जाणार?

सी अल्लाल : सप्टेंबरात.

शामा : आणि संध्याकाळी तुझ्याजवळ पाटी घेऊन कोण बसेल?

सी अल्लाल : मांजर बसेल. त्याचा हात तुझ्यापेक्षा बरा आहे.

शामा : मांजराला काय येतंय! थांब. शाई वाळली, आता पाटी उलटी करते. तिकडे बघ तू. डोळे मीट. बाई, तुम्हीपण त्याला सांगू नका.

बतूल : मी कशाला सांगू? मला गुपितं सांगतं कोण!

सी अल्लाल : हे काय चाललंय? बोरूची मागची बाजू वापरतेस?

शामा : डोळे मीट म्हटलं ना! ...हं, उघड. मी माझं नाव खरवडलंय. आता तू गिरव.

सी अल्लाल : कुठे? कोरी तर आहे.

शामा : तिरकी धर.

सी अल्लाल : धरली.

शामा : उजेडात ने. अजून जरा. दिसलं?

सी अल्लाल : बतूल, पिशवीतला तो चष्मा दे बरं.