पुढच्या पानावर

तुळसा : गेला नाय म्हणजे? कुठं अडकला काय फॉर्म?

चिंतामणी : अडकला नाही, ताई. मी भरलाच नाही. सलोनीचा निवासी शाळेच्या परीक्षेचा फॉर्म माझ्याकडून राहून गेला. मुदत संपून तीन आठवडे झाले.

तुळसा : मस्करी करताय गुरुजी.

चिंतामणी : रविवारी महाडहून एवढ्या वर मस्करी करायला कोण येईल?

तुळसा : थांबा. हा भाताचा भारा खाली ठेवते आधी. हां. तीन आठवडे म्हणता. आन पोर दर शनवारी तुमच्याकडं जादा तासाला बसतेय. कालपण बसली. काय शिकवत होता तिला?

चिंतामणी : तेच. परीक्षेचंच.

तुळसा : ठाऊक असून?

चिंतामणी : ठाऊक असून. ती वही उघडून समोर बसायची. तिला सांगायला माझं तोंडच उघडायचं नाही. मग आणखी एक आकृती काढून द्यायचो.

तुळसा : अवो, पण राहिला कसा? कागद मी कवा दिलं तुमाला? गणपतीच्या आधी. दाखल्यासाठी पोलादपूरला तीन खेपा घातल्या. तिसऱ्या खेपेला वरची एसटी गेली, तर फाट्यापासून चालत आले. भर पावसात. पिशवी पोटाशी धरून, कागद भिजायला नको म्हणून.

चिंतामणी : कागद माझ्या कपाटात आहेत. अगदी कोरडे आहेत.

तुळसा : कोरडं ऱ्हाऊन काय करायचं त्यांनी आता?

चिंतामणी : ताई, मी विसरलो नव्हतो. ही डायरी बघा.

तुळसा : तुमचं अक्षर मुंग्यांवानी. तुमीच वाचा.

चिंतामणी : एकवीस ऑगस्ट. पोषण आहाराची ऑनलाइन नोंद. तांदळाचा शिल्लक साठा. दोन मुलांचं आधार दुरुस्त करून घ्यायचं. झाडं लावल्याचे फोटो पाठवायचे. मतदारयादीसाठी बारा घरं. गळक्या वर्गाचा अर्ज. असं करत करत सोळावं काम, सलोनीचा फॉर्म.

तुळसा : सोळावं.

चिंतामणी : त्या दिवशी एकवीस कामं होती. सात झाली. उरलेली चौदा मी पुढच्या पानावर लिहून घेतली. तिथं नवीन सहा आली. रोज शाळा सुटली की हेच. दोन शिक्षकांच्या शाळेत मी एकटा, दुसरी जागा दीड वर्ष रिकामी. आणि गंमत बघा, लिहून काढलं की वाटायचं, चला, निम्मं तरी झालं. सलोनीचं नाव मी एकोणतीस वेळा लिहिलंय, ताई. परवा मोजलं.

तुळसा : एकोणतीस वेळा लिवायला वेळ घावला. भरायला किती लागतो?

चिंतामणी : पंचवीस मिनिटं. शाळेत रेंज नाही म्हणून खाली उमरठच्या बाजूला जायचं, तेही धरून एक तास.

तुळसा : एक तास.

चिंतामणी : हो.

तुळसा : एकवीस कामांतली सात व्हायची म्हणता. ती सात कशी व्हायची मंग? ती कोण निवडायचं?

चिंतामणी : ज्याचा फोन येईल ते. केंद्रप्रमुखांचा फोन आला की शाळेची माहिती. तहसीलमधून आला की यादी. शिक्षकांच्या ग्रुपवर नावं टाकतात, अमुक शाळेची माहिती आली नाही म्हणून. नाव दिसलं की ते आधी. सलोनीच्या फॉर्मसाठी कुणाचा फोन येणार होता?

तुळसा : माझा यायला पायजे होता.

चिंतामणी : तसं नाही म्हणालो मी.

तुळसा : तुमी नाय, मीच म्हणते. एकदाच विचारलं मी, विसर्जनाच्या दिवशी, देवळापाशी. तुमी म्हणालात, होऊन जाईल. मंग एक दिवस शाळेच्या दारापर्यंत आले होते. तुमी फोन कानाला लावून येरझाऱ्या घालत होता. तोंड असं उतरलेलं. म्हटलं, माणूस आधीच वाकलाय, आपण आनखी कशाला वजन घालायचं. आल्या पावली फिरले.

चिंतामणी : तुम्ही आला होतात? मला दिसला नाहीत.

तुळसा : दिसायला उभी कुठं राहिले मी?

चिंतामणी : हाक मारायची होती, ताई.

तुळसा : गुरुजीला दोनदा विचारलं तर वाटतं, बाईचा आपल्यावर भरवसा नाय. म्हणून नाय मारली. आता रोज वाटंल, मारायला हवी होती.

चिंतामणी : शेवटच्या दिवशी दुपारी एकदम डोक्यात वीज चमकली. वर्ग सोडून गाडी काढली, आंबेनळी घाटाच्या वळणावर जाऊन उभा राहिलो, तिथं रेंज बरी असते. सगळी माहिती भरली. तिचा फोटो चढेना. गोल गोल फिरत राहिलं. मग पाटी आली, मुदत संपली. दुसऱ्या दिवशी रजा टाकून अलिबागला जिल्ह्याच्या कार्यालयात गेलो. साहेब चांगले वागले, पण त्यांच्याही हातात काही नव्हतं.

तुळसा : पुढल्या वर्षाला?

चिंतामणी : नाही. पाचवीत असतानाच बसता येतं. एकदाच.

तुळसा : ह्यांनी तिकडं मुंबयला हॉटेलात सगळ्यांना सांगून ठेवलंय. बेटी का एक्झाम है, जानेवारी में छुट्टी चाहिये. शेटनं हो म्हटलंय.

चिंतामणी : म्हणजे प्रवीणभाऊंनी सुट्टीही मागून ठेवली.

तुळसा : मागून ठेवली.

चिंतामणी : एक विचारू? तुमच्याकडे म्हैस आहे, शेत आहे, सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. प्रवीणभाऊ मुंबईला. तुम्ही तर काही लिहून ठेवत नाही. तुम्ही कसं निभावता?

तुळसा : आता माझ्याकडं शिकायला बसलात?

चिंतामणी : खरंच विचारतो, ताई.

तुळसा : सगळं डोक्यात घेतलं तर मी उंबऱ्यातच बसून राहीन. सकाळी उठून येवढंच बघते, आज कशाला थांबता येत नाय. आत्ता ढग आलं तर कापलेलं भात पयलं उचलीन. उभं हाय ते ऱ्हाईल उभं. भांडी पडतील, शेण पडंल, कोण नाव ठेवंल तर ठेवू दे. म्हातारी हाका मारते, शेजारची जानकीबाय कुंपणावरनं हाका मारते. भात हाक मारत नाय, गुरुजी. ते गपचिप भिजतंय आन चार दिवसांनी बघावं तर मोड आलेलं.

चिंतामणी : चार दिवसांपासून मी रोज तीनच कामं लिहितो. बाकीची होतील तशी होतील. पहिल्या नंबरावर तुमच्याकडे यायचं, हे लिहिलं होतं.

तुळसा : मंग चार दिवस कुठं होता?

चिंतामणी : तेही पुढच्या पानावर जात राहिलं.

(सलोनी डोक्यावरचा हंडा उतरवून ओट्यापाशी येते.)

सलोनी : सर, तुम्ही? आज तर रविवार.

चिंतामणी : बस सलोनी. तुला एक सांगायचंय. तुझी ती परीक्षा...

सलोनी : फॉर्मचं ना?

तुळसा : तुला कुणी सांगितलं गो?

सलोनी : किशोरनी. खालच्या शाळेतला. त्याच्या फॉर्मची झेरॉक्स वहीत घालून फिरतो तो. त्यावर फॉर्म भरल्याचा नंबर हाय. मला म्हणाला, तुझा नंबर किती? मी म्हटलं, सरांकडं असंल. तो म्हणाला, नंबर नाय म्हणजे फॉर्म नाय.

चिंतामणी : कधी म्हणाला?

सलोनी : दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी.

तुळसा : आन मला बोलली नायस?

सलोनी : तू शाळेत जाऊन भांडली असतीस.

तुळसा : भांडलेच असते.

सलोनी : म्हणूनच.

चिंतामणी : मग तू काल तासाला का आलीस? गेल्या शनिवारी का आलीस? तुला माहीत होतं, तरी?

सलोनी : शाळा सुटली की सगळी घरी पळतात. तुम्ही एकटेच बसला असता.

तुळसा : बघा. बघा गुरुजी, कशी पोर हाय ती.

चिंतामणी : सलोनी, चूक माझी आहे. तुझी नाही, तुझ्या आईची तर नाहीच नाही. मी महाडला एका चांगल्या शाळेत सहावीसाठी बोलून ठेवतो. वसतिगृहाचंही बघतो...

तुळसा : नको. आत्ता काय कबूल करू नका. मला ते ऐकायचंच नाय आज.

चिंतामणी : बरं.

तुळसा : एक करा. तिच्या बापाला तुमी सांगायचं. मी नाय सांगणार. माझ्या तोंडून निघायचं नाय ते.

चिंतामणी : सांगतो. खाली उतरलो की फोन लावतो.

तुळसा : डायरीत लिवू नका.

चिंतामणी : नाही लिहीत. इथून निघालो की पहिलं तेच.

तुळसा : आन तो बोलंल तापून. ऐकून घ्या. मधे फोन ठेवू नका.

चिंतामणी : नाही ठेवणार.

सलोनी : सर, ते आकृत्यांचं पुस्तक तुमचं हाय ना? आता परत द्यायचं काय?

चिंतामणी : नको. राहू दे तुझ्याकडे.

सलोनी : मंग उरलेली सात पानं सोडवते.

चिंतामणी : आता कशाला बाळा?

सलोनी : आवडतात मला.