सोमा कंपनी का बदलतो

टोकावड्याहून मुरबाडला निघालेल्या एसटीत गोजाआत्या डोक्यावरून पदर घेऊन खिडकीशी बसली होती. पुढच्या बाकावर तिच्याच गावचा सोमा आपल्या दोस्ताशी, नवशाशी, बोलत होता. मागं कोण बसलंय, त्याला पत्ता नव्हता.

"सोमा, टाटा पण विकलीस? आधी तर मारुतीशिवाय बोलत नव्हतास."

"मारुतीला नावं नाय ठेवनार रे. बारा वर्सांत एकदा बंद पडली नाय."

"मग सोडलीस कशाला?"

"साऱ्या गावाला वळखू यायला लागली. फाट्यावर दिसली का हात वर! कुनाला दवाखाना, कुनाला बाजार. म्हटलं, कंपनीच बदलू."

"म्हनून टाटा?"

"ती पण दणकट. पयले तीन महिने कुनी हात नाय केला. मग एकदा गोजाआत्याच्या कोंबड्या नेल्या, झालं! दुसऱ्या दिवशी साऱ्या पाड्याला नंबर पाठ."

"आता कुठली?"

"ह्युंदाई. आजच मिळनार, मुरबाडला. रंग तर घरी बायकोला पण नाय सांगितला."

"मला तरी सांग."

"करडी. धुळीत दिसनार पण नाय."

गोजाआत्यानं पदर मागं सारला आणि पुढं वाकून सोमाच्या खांद्यावर हात ठेवला.

"करडी ना रे, सोमा? मग मी स्टँडाभायेर उभी राहते. आज बोकड घ्यायचाय, अन् एसटीवाले त्याला चढू देत नायत."