चिकटवलेले केस आणि तेलाची वाटी

हसू नका, पण मुलीच्या हळदीत माझं सगळं लक्ष तेलाच्या वाटीवर होतं. टायफॉईडने तिचे केस विरळ झालेले. पार्लरवाल्या शाहीनताईंनी टेपने जादा केस चिकटवले आणि बजावलं, "काका, मुळाशी तेल नको. टेप सुटेल. कुणी ओढलं तर तिचे स्वतःचे केसपण उपटून येतील."

सासरची मंडळी समोरच बसलेली, त्यांच्यादेखत केसांचं सांगायची सोय नव्हती. माझी थोरली बहीण आक्का वाटी घेऊन उठली.

"टाळूवर तेल घातल्याबिगर हळद कसली?"

मुलीचा चेहरा उतरला. मी मध्ये डोकं घातलं. "आक्का, आधी मला!"

आक्काने चिडून अख्खी वाटी माझ्या टकलावर ओतली. चष्मा तेलाने भरला, दिसेना काही. फक्त विहीणबाई ऐकू आल्या, "यांच्यात हळदीचं तेल नवरीच्या बापाला घालत्यात व्हय?"