मिर्सिनीबाईंच्या निरोपाला आलेले गहू

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या गावचे प्रमुख माननीय श्री. पोलिदोरोस, आपल्या चर्चचे पूज्य पाद्री पापा-थिमिओस, व्यासपीठावरच्या निवृत्त मुख्याध्यापिका एरास्मियाबाई, ज्यांच्यासाठी आपण जमलो त्या सत्कारमूर्ती श्रीमती मिर्सिनी खालारी, अथेन्सहून आलेले त्यांचे सहकारी, महिला मंडळाच्या माझ्या मैत्रिणींनो, आणि दाराशी उभ्या असलेल्या पुरुष मंडळींनो. पुढे खुर्च्या रिकाम्या आहेत.

मी पोलिक्सेनी, मंडळाची खजिनदार. भाषण एरास्मियाबाई करणार होत्या, पण त्यांचा घसा बसला. माझी शाळा दहावीपाशी संपली, तेव्हा मला जे येतं त्यानेच सुरुवात करते. आजच्यासाठी काय काय आलं, ते असं. फुलांचा गुच्छ शहरातून, अठरा युरो. मिठाईचे दोन ट्रे, बत्तीस युरो. परवापासून पंधरा ऑगस्टच्या, म्हणजे देवमातेच्या सणाचा उपास लागतो, म्हणून लोण्यातलं आजच संपवून जावं ही विनंती. मानपत्राची चौकट चौदा युरो, काचेचे पैसे दुकानदाराने वेगळे लावले, ते मला पटलेलं नाही. आणि खालच्या गावच्या गिरणीवाल्या स्ताथिसकडून, कुणी न मागवता, पाच किलो गहू, त्यावर पसरायची पिठीसाखर, बेदाणे आणि साखरेत घोळवलेले पांढरे बदाम. पैसे घ्यायला तो तयार नाही.

हे गहू कशाला, ते इथल्या लोकांना सांगायला नको. अथेन्सच्या मुलांनी कदाचित पाहिलं नसेल. आमच्याकडे असे गहू उकडतात ते माणूस गेल्यावर. चाळिसाव्या दिवशी, मग वर्षाला.

मी स्ताथिसला फोन केला. तो म्हणाला, "मावशी, मिर्सिनीचा कार्यक्रम चर्चच्या सभागृहात आहे असं कळलं. मला वाटलं, वर्षाची प्रार्थना असेल."

"अरे, ती जिवंत आहे. दोन वर्षं आमच्यात राहतेय. तुझ्या गिरणीत आठवडाभर शूटिंग केलं तिने."

"ती टोपीवाली? ती दिग्दर्शक होती ना?"

हसू नका. स्ताथिसला हसायचा आपल्याला काय अधिकार आहे? त्याला हे शिकवलं कुणी?

मिर्सिनीबाई आपल्या घरांत पहिल्यांदा आल्या त्या 'अंगणातलं डाळिंब' या मालिकेतून. दुपारी चारला. आर्गिरो नावाची सून, नवरा जहाजावर, सासू उभी जाळणारी. नऊ वर्षं हे चाललं. चार वाजले की या गावात नळ बंद व्हायचे. माझ्या सासूबाई, गारिफालियाआजी, पडद्यावरच्या सासूला म्हणायच्या, "सटवे, देव बघतोय." आणि मग माझ्याकडे वळून, "तू काय ऐकत उभी आहेस? दूध ऊतू चाललंय."

त्या नऊ वर्षांत मिर्सिनीबाईंना रडण्याखेरीज दुसरं काम कुणी दिलं नाही. हे त्यांनीच मला आमच्या स्वयंपाकघरात भेंडी चिरता चिरता सांगितलं. म्हणाल्या, "मावशी, मी रडत असायचे आणि मनात म्हणत असायचे, हा कॅमेरा चुकीच्या जागी ठेवलाय." एकदा धीर करून निर्मात्याला म्हणाल्या, मला एक भाग दिग्दर्शित करू द्या. तो म्हणाला, "बाई, तुम्ही रडता फार छान." दुसऱ्याच दिवशी त्यांनी सांगितलं, आर्गिरोला मारून टाका. आणि पडद्यावरून उतरून कॅमेऱ्यामागे गेल्या. दुसऱ्यांच्या हाताखाली राहिल्या, जी मुलं काल त्यांना खुर्ची आणून देत होती त्यांच्यासाठी कॉफी आणली. मग स्वतःचे भाग, मग स्वतःची मालिका, आणि शेवटी आईकडून आलेलं घर विकून स्वतःची कंपनी. मानपत्रात हे सगळं चांगल्या शब्दांत आहे, एरास्मियाबाईंनी लिहिलंय.

पण आपल्याला इथे काय दिसलं? आपल्याला दिसलं ते आर्गिरोचं मरण. उघडी शवपेटी, कपाळावर कागदी पट्टी, हातात संताचं चित्र, सगळं जसंच्या तसं. आणि त्यानंतर ती बाई कुठेच दिसेना. ना दुसऱ्या मालिकेत, ना जाहिरातीत.

सासूबाई म्हणाल्या, "पोर खरंच गेली."

मी म्हटलं, "आई, नाटक असतं ते."

"मग आहे कुठे? नऊ वर्षं रोज येणारी बाई जिवंत असती तर आली नसती?"

"तसं असतं तर टीव्हीवर सांगितलं असतं."

"दाखवलं की. अजून काय सांगायचं?"

याला उत्तर होतं का? तुम्ही कुणी दिलंत का? गावातल्या बायकांनी गहू उकडले. मोठं पातेलं याच सभागृहाचं होतं. आता प्रार्थना कुणाच्या नावाने, हा प्रश्न आला. आपल्याकडे बाप्तिस्म्याचंच नाव वाचतात. सासूबाईंनी निकाल दिला, "आर्गिरोला बाप्तिस्मा कुणी दिलाय? कागदावरची बाई ती. डोळ्यांतलं पाणी मिर्सिनीचं होतं." तेव्हाचे पाद्रीबाबा थकलेले होते, देव त्यांना शांती देवो. त्यांनी मिर्सिनी म्हणून वाचलं. आणि दर वर्षी मृतात्म्यांच्या शनिवारी आपल्या गावातून हे नाव वर जात राहिलं. इकडे त्या बाई अथेन्समध्ये उभ्या राहून लोकांना ओरडून सांगत होत्या की दिवा डावीकडे घ्या.

मग दोन वर्षांपूर्वी त्या आपल्या गावात नव्या मालिकेच्या शूटिंगला आल्या. केस कापलेले, डोक्यावर टोपी, अंगात पुरुषी जाकीट. घर भाड्याने बघत आमच्या दारी आल्या. दार सासूबाईंनी उघडलं. चेहरा पाहिला, तीनदा क्रुसाची खूण केली आणि म्हणाल्या, "तुला कुणी पाठवलं?"

या बिचाऱ्या म्हणाल्या, "कॉफीच्या दुकानातल्यांनी."

सासूबाईंनी त्यांना आत घेतलं, ब्रेडचा तुकडा हातात दिला आणि समोर बसून त्यांच्या गळ्याकडे बघत राहिल्या. घास खाली उतरलेला दिसला, तेव्हा रडायला लागल्या. मीही रडले, पण मला वाटलं चला, संपलं, देवाची कृपा.

संपलं नाही. पुढच्या रविवारी प्रसादाची वेळ आली, सगळे रांगेत उभे राहिले, आणि सासूबाई जागेवरून उठल्या नाहीत. जन्मात कधी न चुकलेली बाई. घरी म्हणाल्या, "जिवंत माणसाला मी मेलेल्यांत ढकललं. कुठल्या तोंडाने घेऊ?"

पापा-थिमिओस इथेच बसले आहेत, त्यांनी काय नाही केलं? मृतांच्या यादीतून नाव काढलं, जिवंतांच्या यादीत घातलं, घरी येऊन क्षमेची प्रार्थना वाचली. आजी म्हणाल्या, "पोरा, मला क्षमा झाली. तिला तिकडून परत कधी बोलावणार?" नाव परत बोलवायची प्रार्थना पुस्तकात नाही. बाबांनी बिशपसाहेबांना लिहिलं. उत्तर प्रेमाने आलं, पण त्यात एवढंच होतं की देवाला सगळं ठाऊक आहे. ते सासूबाईंनाही ठाऊक होतं.

मिर्सिनीबाईंनी तर हसून सोडून दिलं होतं. म्हणाल्या, "आजी, इतकी वर्षं माझ्यासाठी प्रार्थना झाली, फुकट. राहू द्या की." पण आजींचं तोंड त्यांनी पाहिलं. त्यानंतर दर रविवारी, शूटिंग कितीही असो, आमच्याकडे जेवायला येत राहिल्या. जेवायला म्हणजे दिसायला. एकदा आजींनी विचारलं, "तुझ्या कामात चुकलं तर काय करता गं?"

"परत घेतो."

"किती वेळा?"

"बरोबर येईपर्यंत."

आजींनी त्यांच्या ताटात आणखी भेंडी वाढली. मग म्हणाल्या, "चांगला धंदा आहे."

आता त्यांची मालिका बंद होतेय. वाहिनीवर वरची माणसं बदलली, नव्यांना डोंगरातली गावं नकोत. आपल्या मंडळाने वाहिनीला पत्र लिहिलं, सगळ्या बायकांच्या सह्या घेतल्या, मी स्वतः टपालात टाकलं. उत्तर आलं नाही. आपण आणखी काय करणार होतो? मिर्सिनीबाईंनी बेकरीवाल्यापासून गाढववाल्यापर्यंत कुणाचे पैसे राहू दिले नाहीत, सगळ्यांचे देऊन मग सामान बांधलं. पुढे काम कुठे, हे त्यांनाही माहीत नाही. विचारलं तर म्हणतात, "बघू, मावशी." हे 'बघू' मला ओळखीचं आहे.

आणि आमच्या घरात आणखीच घोर लागलाय. सासूबाई म्हणतात, "डोळ्यांसमोर असते तोवर मला कळतं की ती आहे. नजरेआड झाली की वाटतं, वर गेलेल्या नावाने तिला ओढून नेलं." मी म्हटलं, फोन करेल ना ती. त्यावर म्हणाल्या, "आवाज तर आर्गिरोचाही येतो." खरंच येतो. 'डाळिंब' पुन्हा दाखवतायत, दुपारी चारलाच. ती मेलेली सून रोज आमच्या खोलीत बोलते, हसते, घोंगड्या वाळत घालते. चित्र आणि आवाज यांवर त्या बाईने विश्वास ठेवावा तरी कसा, सांगा. ज्यांनी हा धंदा केला त्यांनी तरी सांगा.

आज सासूबाई इथे आल्या नाहीत. पाय चालत नाहीत हे एक, आणि दुसरं म्हणजे निरोपाला त्या एकदा येऊन चुकल्यात, असं त्या म्हणतात. समोरच्या खिडकीत बसल्या आहेत. डॉक्टरांनी सकाळी मला बाहेर बोलावून सांगितलं की थंडीपर्यंत त्या राहतील असं धरून चालू नका. मी मान हलवली आणि कॉफी दिली. पंधरा ऑगस्टला त्यांनी प्रसाद घ्यावा, एवढीच माझी इच्छा आहे. त्यासाठी मी मेणबत्त्या लावल्या, उपास बोलले. आता माझ्या हातात काही उरलेलं नाही. जे आहे ते मिर्सिनीबाईंच्या हातात आहे.

काल रात्री सासूबाईच म्हणाल्या, "पत्र आलं तर मानीन. मेलेली माणसं टपाल कचेरीत जात नाहीत."

म्हणून मिर्सिनीबाई, आता मी आपल्याला मानाने बोलत होते ते सोडते. पोरी, तुझ्या त्या मोठ्या पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात मी एक पाकीट ठेवलंय. वर पत्ता माझ्या हातचा आहे, तिकीट लावलंय. कागदही आत आहे. टाइप करू नकोस, सहायकाकडून लिहून घेऊ नकोस. तुझ्या हाताने लिही. तुझं अक्षर तिला माहीत आहे, चित्रीकरणाच्या पाट्या तू आमच्याच टेबलावर खडूने लिहायचीस.

स्ताथिसच्या गव्हांचं काय करायचं, असं मघाशी स्वयंपाकघरात सगळ्या विचारत होत्या. तूच मूठभर तोंडात टाकलेस, कच्चेच, आणि म्हणालीस, स्वतःचे खायला मिळणारी मी पहिली. बाकीचे मी भांड्यात झाकून ठेवलेत. उकडणार नाही. पत्र आलं की दळून ब्रेड करीन.

अध्यक्षमहाराजांचे, पापा-थिमिओस यांचे, फुलं आणणाऱ्या मुलांचे आणि तुम्हा सर्वांचे मंडळातर्फे आभार. हिशेब सांगते म्हणून उभी राहिले आणि घरचं सगळं सांगत बसले. कमीजास्त बोलले असेन तर शिकलेल्यांनी मनावर घेऊ नये. बस निघताना आमच्या खिडकीखालून न्यायला ड्रायव्हरला सांगितलंय. टोपी काढून वर बघ.

आणि अथेन्सला पोचलीस की उलट टपाली दोन ओळी टाक. काम मिळालं की नाही, जेवतेस की नाही, ते नंतर कळव. पहिल्या पत्रात तेही नको. वर तारीख घाल, खाली नाव घाल आणि मध्ये लिही, मी आहे.